बारावी, जेईई आणि डोक्यावरचे नऊ फॉर्म

प्रश्न: मी इंदूरला बारावीत आहे. सीबीएसई, पीसीएम. सकाळी शाळा, दुपारनंतर भंवरकुआला कोचिंग, रविवारी टेस्ट. डिसेंबर लागला आणि एकदम सगळं अंगावर आल्यासारखं वाटतंय. प्री-बोर्ड, प्रॅक्टिकलच्या फाइली, जानेवारीत जेईई मेन, आणि अकरा धडे मागे पडलेत. त्यात बाबा म्हणतात, सगळीकडे फॉर्म भरून ठेव: एनआयटी, इंदूरचं इंजिनिअरिंग कॉलेज एसजीएसआयटीएस, इथल्या देवी अहिल्या विद्यापीठाचं (डीएव्हीव्ही) आयईटी आणि आयआयपीएस, आयआयएमचा बारावीनंतरचा मॅनेजमेंट कोर्स आयपीएम, दिल्ली युनिव्हर्सिटी, होळकर कॉलेज, पुण्याची दोन कॉलेजं. रात्री पुस्तक उघडते आणि अर्धा तास नुसती बघत बसते. रडू येतं, झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पुस्तक उघडून तू बघत बसतेस तो आळस नाही. माणसाला मनात एका वेळी तीन-चार गोष्टीच धरून ठेवता येतात. तुझ्या या छोट्या पत्रात मोजल्या तर चौदा-पंधरा निघतात, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं काय करायचं हेच अजून ठरलेलं नाही. न ठरलेली गोष्ट सारखं डोकं वर काढते. समोर ऑप्टिक्सचं पान असतं आणि आत "आयपीमॅटचं, म्हणजे आयपीएमच्या परीक्षेचं, काय करायचं?" चालू असतं. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की अपुऱ्या कामाचे विचार दुसऱ्या कामात घुसत राहतात. मात्र ते काम पूर्ण न करताही, कधी, कुठे आणि कसं करणार एवढं नक्की केलं, तरी घुसखोरी बरीच थांबते. तुझ्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. जानेवारीपर्यंत सगळं संपवणं तुझ्या हातात नाही. सगळं ठरवून टाकणं मात्र येत्या रविवारच्या दोन तासांत होतं. म्हणून सुरुवात ठरवण्यापासून कर, अभ्यास सोमवारी.

एक कागद आणि तीन अक्षरं

टेस्ट देऊन आलीस की जेव, थोडी आडवी हो, मग एक फुलस्केप कागद घे. मोबाइलवर लिहू नकोस, कारण लिहिता लिहिता कोचिंगच्या ग्रुपवर कुणाचे किती मार्क आले ते दिसेल आणि तास गेलाच म्हणून समज. पंधरा मिनिटं घड्याळ लावून डोक्यात जे जे आहे ते एकाखाली एक लिही. "केमिस्ट्रीच्या फाइलवर सही राहिली" इथपासून "पुण्याच्या मावशीला काय सांगू" इथपर्यंत. क्रम लावू नकोस, खोडू नकोस. साधारण तीस ते चाळीस ओळी होतात.

आता प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर घाल. ठ म्हणजे ठरवायचं आहे, क म्हणजे करायचं आहे, थ म्हणजे थांबायचं आहे, आज त्यात करण्यासारखं काही नाही.

"क"च्या ओळींत नेहमी एक चूक सापडते. "रे ऑप्टिक्स करायचं" हे काम नव्हे, ते धड्याचं नाव आहे. मन त्याकडे बघतं, त्याचं टोक दिसत नाही, आणि ते मागे सरकतं. त्याचे तुकडे कर: लेन्स मेकर फॉर्म्युला न बघता काढून बघणं, २० मिनिटं. प्रिझमचा फॉर्म्युला आणि आकृती, २० मिनिटं. मायक्रोस्कोप आणि टेलिस्कोपच्या रे डायग्रॅम दोनदा काढणं, ३० मिनिटं. एनसीईआरटीच्या धड्यामागची पहिली दहा गणितं, ५० मिनिटं. कुठलाही तुकडा ५० मिनिटांपेक्षा मोठा नको, आणि वाचल्यावर हात कुठे घालायचा ते लगेच कळलं पाहिजे. रात्री दमलेलं डोकं निर्णय घेऊ शकत नाही, पण "प्रिझमची आकृती काढ" एवढं ऐकू शकतं.

"थ"च्या ओळी थेट भिंतीवरच्या कालनिर्णयवर जातात. सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा फॉर्म, आयपीमॅटचा फॉर्म, इंजिनिअरिंगच्या जागावाटपाचं डीटीईचं काउन्सेलिंग, कॉलेज प्रवेशाचं ई-प्रवेश पोर्टल: यांतलं काहीही आज रात्री भरता येत नाही. तारखा दर वर्षी पुढेमागे होतात, म्हणून अंदाजाची तारीख लिहू नकोस. दर शनिवारी "वेबसाइटी बघणे, १५ मिनिटं, बाबा" असं लिही. हो, बाबा. त्याबद्दल पुढे.

"ठ"च्या ओळींना दोन गोष्टी लागतात: कुठल्या तारखेला ठरवणार आणि कोण कोण बसून ठरवणार. "आयपीएमचं बघू" असं लिहिलं तर ते महिनाभर डोक्यात राहील. "आयपीएम: फेब्रुवारीचा पहिला रविवार, मी, आई, बाबा" असं लिहिलं की तोपर्यंत तो विषय बंद. मनात आलाच तर कागदाकडे बोट दाखव.

नऊ नावं, पण परीक्षा किती?

सगळ्यात जास्त ओझं इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू. नऊ नावं ऐकून नऊ डोंगर दिसतात. कॉलेजांची नावं बाजूला ठेव आणि कोणत्या मार्कांवर प्रवेश मिळतो ते बघ.

एनआयटी, एसजीएसआयटीएस आणि आयईटी या तिघांना जेईई मेनचाच स्कोअर लागतो. एनआयटीसाठी जोसाचं (आयआयटी-एनआयटींच्या देशभरच्या जागावाटपाचं) काउन्सेलिंग, बाकी दोघांसाठी मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं, म्हणजे डीटीईचं. दोन्ही निकालानंतर. या तीन नावांसाठी आज शून्य मिनिटं लागतात. फक्त एक लक्षात ठेव: एनआयटीला बारावीत ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं (एससी-एसटीला ६५ टक्के). म्हणून जेईईच्या नादात बोर्ड सोडून चालत नाही. आणि भोपाळच्या एनआयटीत, म्हणजे मॅनिटमध्ये, निम्म्या जागा मध्य प्रदेशच्या मुलांना आहेत, हे बाबांनाही सांग.

आयआयपीएस आणि दिल्ली युनिव्हर्सिटी या दोघांना सीयूईटी. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, बरोबरला ५ मार्क, चुकीला १ वजा. विषयांचे पेपर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, म्हणून बोर्डाचा नीट केलेला अभ्यास इथे बराचसा वापरला जातो. अडचण येते ती विषय निवडताना. प्रत्येक कोर्सला कोणते विषय लागतात ते वेगळं असतं. कुठे जनरल टेस्ट लागते, कुठे लागत नाही. मुलं फॉर्ममध्ये मैत्रिणीसारखेच विषय टाकतात आणि निकालानंतर कळतं की हव्या त्या कोर्सला आपण पात्रच नाही. दुरुस्तीची खिडकी थोडे दिवस उघडते आणि मिटते. म्हणून आधी कोर्सचं पान उघडायचं, विषय लिहून घ्यायचे, मगच फॉर्म.

होळकर कॉलेज बारावीच्या मार्कांवर, राज्याच्या ई-प्रवेश पोर्टलमधून. परीक्षा नाही. १८९१ पासूनचं कॉलेज आहे, बीएस्सीसाठी चांगलं आहे, आणि तुझ्या यादीतलं हेच नाव रात्री शांत झोपू देणारं आहे. त्याला "काहीच नाही मिळालं तर" असं म्हणू नकोस.

मग खरोखर वेगळी तयारी मागणारी दोनच राहिली: आयपीएम आणि पुणे.

आयआयएम इंदूरचा हा पाच वर्षांचा कोर्स घराजवळ आहे म्हणून इंदूरच्या घरोघरी त्याचं नाव निघतं. परीक्षेत गणिताबरोबर इंग्रजीचा पूर्ण भाग असतो आणि त्याचा जेईईच्या अभ्यासाशी संबंध नाही. फीही हलकी नाही. परीक्षा साधारण मे महिन्यात असते, म्हणजे बोर्ड झाल्यावर हातात काही आठवडे राहतात. जानेवारीची जेईई झाली की एखाद्या सकाळी मागच्या वर्षीचा एक पेपर दोन तास घड्याळ लावून सोडव. इंग्रजीचा भाग सोडवताना मजा आली की जीव गेला, एवढं बघ. त्यावर फेब्रुवारीच्या रविवारी ठरवा. तोपर्यंत त्याचं पुस्तकही विकत आणू नका. टेबलावर पडलेलं न उघडलेलं पुस्तक रोज टोचतं.

पुण्याबद्दल एक गैरसमज इंदूरच्या मराठी घरांत नेहमी दिसतो: आपण मराठी, तर महाराष्ट्राच्या कोट्यात बसू. तसं होत नाही. महाराष्ट्राच्या सरकारी प्रवेशात राज्याचा विद्यार्थी कोण, हे शाळा कुठे झाली आणि रहिवास कुठला यावर ठरतं. दहावी-बारावी इंदूरला केलेल्या मुलीला मातृभाषेच्या जोरावर ती जागा मिळत नाही. आई-वडिलांपैकी कुणाकडे महाराष्ट्राचा अधिवास असेल तर नियम वेगळे लागू शकतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं. नसेल तर बाहेरच्या राज्यांसाठीच्या थोड्या जागा किंवा खासगी विद्यापीठं, आणि त्यांच्या स्वतःच्या परीक्षा व फिया. मावशीने सांगितलं म्हणून हा फॉर्म भरू नका.

उरलेल्या प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारा, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून. पहिला: फक्त इथेच नंबर लागला, तर मी जाईन का? यात फी आणि हॉस्टेलही आलं. "नाही" किंवा "बघू" असं उत्तर आलं तर नाव काट. दुसरा: यासाठी वेगळा अभ्यास लागतो का, आणि लागत असेल तर ते तास कशातून काढणार? "कशातून" याचं उत्तर नसेल तरीही काट. बहुतेक मुलांकडे चार-पाच नावं उरतात: एक-दोन वरची, दोन आवाक्यातली, एक हमखास. तेवढी पुरेत. "भरून ठेवायला काय जातं" असं म्हणतात, पण फीशिवायही बरंच जातं: आणखी एक लॉगिन, आणखी एक तारीख, आणखी एक हॉल तिकीट, आणि कधी कधी एकाच दिवशी आलेले दोन पेपर.

कागदपत्रं: आत्ता करण्यासारखं काम हेच

फॉर्म उघडलेले नाहीत, पण फॉर्म ज्यावर अडतात ती कागदं डिसेंबरमध्ये तपासता येतात. हे काम आई किंवा बाबांचं, तू फक्त शेजारी बस.

सगळ्यात आधी नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं लावतात, आणि घोळ तिथेच होतो. दहावीच्या मार्कशीटवर शाळेने नाव आणि आडनाव एवढंच दिलेलं असतं, आधारवर वडिलांच्या नावासकट तिन्ही. कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा "ए" जास्त, कुठे "देशपांडे"त एक अक्षर कमी. जेईईसारख्या परीक्षांत आधारवरची माहिती दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्या असं या परीक्षा घेणारी एनटीए सांगते. दहावीची मार्कशीट आणि आधार एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा: तुझं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. फरक असेल तर आधार सुधारा, कारण मार्कशीट सुधारणं फार लांबतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून पुरावा म्हणून मार्कशीटच न्या आणि पावतीवरचं स्पेलिंग खिडकी सोडण्याआधी वाचा. वयाच्या पंधराव्या वर्षानंतरचे बोटांचे ठसे दिले नसतील तर त्याच फेरीत देऊन या.

मग दाखले. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर जोसाला त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला दाखला लागतो. जुना दाखला फाइलमध्ये आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि जूनमध्ये धावपळ होते. शिवाय जात राज्याच्या यादीत असली तरी केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लोक सेवा केंद्रात अर्ज द्यायचा, हे कालनिर्णयवर आजच लिहा. मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला, डीटीईला लागतं. ते नसेल तर याच महिन्यात काढा. मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीवरचं नावही त्याच बैठकीत बघून घ्या.

एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या, दुकानात फॉर्म भरून घेत असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. घाईत दुकानदार स्वतःचा टाकतो, मग ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि दोन महिन्यांनी काउन्सेलिंगच्या दिवशी दुकान बंद असतं. पासवर्ड घरच्या वहीत, तारखेसकट. फोटो आणि सही स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, मोठ्या आकाराच्या मूळ प्रतीही. प्रत्येक फॉर्मची केबीची मर्यादा वेगळी असते आणि आधीच लहान केलेला फोटो पुन्हा लहान केला की चेहरा धूसर होतो.

फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका. पैसे कापले गेले आणि कन्फर्मेशन पेज निघालं नाही, तर फॉर्म भरला गेलेला नाही असंच समजा. व्यवहार क्रमांकाचा फोटो घ्या, लॉगिन करून स्थिती बघा, आणि मुदत शिल्लक असतानाच पुन्हा भरा. हाताशी दोन-तीन दिवस असले तर ही किरकोळ गोष्ट आहे; रात्री साडेअकराला हीच घर डोक्यावर घेते.

आठवड्यात तास किती उरतात

आता अभ्यास. आधी हिशेब मांड, माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुझे तू घाल. आठवड्याचे १६८ तास. झोप आठप्रमाणे ५६. शाळा जाण्यायेण्यासकट ४२. कोचिंग पाच दिवस, जाण्यायेण्यासकट २५. आंघोळ, जेवण, घरात दोन शब्द बोलणं, रोज तीन तास, म्हणजे २१. रविवारची टेस्ट ४. झाले १४८. उरले २०. यातला चौथा हिस्सा डोकं दुखणं, पाहुणे, वीज, टेस्टचा पेपर बघणं यात जातोच. राहिले १५ तास.

मागे पडलेला एक धडा नीट करायला सहा-सात तास धर. अकरा धडे म्हणजे सत्तरच्या आसपास. दुसरं काहीही न करता जवळजवळ पाच आठवडे. प्री-बोर्ड, फाइली आणि उजळणी धरली तर जानेवारीच्या पेपरपर्यंत ते मावत नाही. हा आकडा बघून पोटात गोळा येईल, पण खरं सांगायचं तर तो तुला आधीच माहीत होता, म्हणूनच रडू येत होतं. न मावणारं सामान पेटीत कोंबण्यापेक्षा काय काढायचं ते ठरवू.

बोर्डाच्या मार्कांची वाटणी समोर ठेव. फिजिक्सच्या ७० पैकी ऑप्टिक्स आणि ईएम वेव्ह्ज मिळून १८, मॅग्नेटिझम ते एसी १७, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि करंट १६, ड्युअल नेचर-अ‍ॅटम्स-न्यूक्लिआय १२, सेमिकंडक्टर ७. शेवटच्या दोन गटांचे धडे लहान आहेत, जेईईतही येतात, आणि तासाला सगळ्यात जास्त मार्क तेच देतात. ते मागे राहिले असतील तर आधी तेच. मॅथ्सच्या ८० पैकी ३५ एकट्या कॅल्क्युलसचे. तिथे भोक असेल तर बाकी कुठे ठिगळ लावून उपयोग नाही. केमिस्ट्रीत इलेक्ट्रोकेमिस्ट्री ९ आणि अल्डिहाइड-कीटोनचा धडा ८.

या अंदाजाने अकरा धड्यांचे तीन ढीग कर. चार पूर्ण करायचे. चार अर्धे, म्हणजे एनसीईआरटीचा मजकूर, सोडवलेली उदाहरणं आणि गेल्या तीन-चार वर्षांचे प्रश्न, बस, कोचिंगची शीट उघडायची नाही. तीन आता सोडायचे. बोर्डात येणारे असतील ते जानेवारीची जेईई झाल्यावर, फक्त जेईईचे असतील ते एप्रिलच्या सेशनआधी. जेईई मेन दोनदा देता येते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. जानेवारीचा पेपर शेवटचा नाही, हे वाक्य कागदाच्या वर मोठ्या अक्षरांत लिही.

फाइलींबद्दल: फिजिक्स प्रॅक्टिकलच्या ३० मध्ये रेकॉर्डला ५, प्रोजेक्टला ३, अ‍ॅक्टिव्हिटीला ३, दोन प्रयोगांना १४, व्हायव्हाला ५. केमिस्ट्रीत रेकॉर्डचे त्यावरच्या व्हायव्हासकट ४. रंगीत बॉर्डर आणि कव्हर यांवर रात्री घालवणाऱ्या मुली व्हायव्हात मात्र "गॅल्व्हॅनोमीटरचं व्होल्टमीटर कसं करतात" इथे अडकतात. एक शनिवार दुपार, दोन्ही फाइली, नीटनेटक्या, संपल्या. मग प्रत्येक प्रयोगावर चार प्रश्न मैत्रिणीला विचारायला लाव.

बसल्यावर काय करायचं, तर वाचत सुटू नकोस. पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. लगेच विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे गेले. पन्नास मिनिटांच्या बैठकीत पहिली पाच मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते, पुढची पस्तीस गणितं, शेवटची दहा चुकांच्या वहीत: काय चुकलं, का चुकलं, एका ओळीत.

रात्र

कोचिंगहून आठ-साडेआठला घरी आलीस, जेवलीस, की नऊ ते साडेदहा. एवढीच दीड तासाची बैठक. पाच दिवसांचे साडेसात तास, शनिवारी साडेतीन, रविवारी चार: झाले ते पंधरा. नवा धडा रात्री उघडायचा नाही, तो शनिवार-रविवारच्या ताज्या डोक्याचा. रात्री गणितं, आकृत्या, रिअ‍ॅक्शन लिहून बघणं. कोणतं काम करायचं ते सकाळी शाळेत जातानाच चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेव.

पावणेअकराला दिवा बंद. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच चालतं. दोन वाजेपर्यंत जागून मिळवलेले तास दुसऱ्या दिवशीच्या शाळेत आणि कोचिंगमध्ये दुपटीने परत जातात. चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर नको. कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे नऊचा कप पहाटे दोन-तीनलाही अर्धा शिल्लक असतो.

छातीत धडधडून रडू यायला लागलं तर त्या क्षणी टाइमटेबल सुधारायला बसू नकोस. खुर्चीवरून उठ, गॅलरीत जा, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके खाली येतात, यात मनाची समजूत घालण्याचा भाग नाही, शरीरच तसं आहे. मग परत येऊन कशाची भीती वाटतेय ते कागदावर सलग लिही, चांगलं-वाईट न बघता. २०११ मध्ये रॅमिरेझ आणि बायलॉक यांच्या प्रयोगात परीक्षेआधी दहा मिनिटं अशी भीती लिहून काढणाऱ्या, एरवी फार घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले. जेईईच्या दिवशी हे घरून निघण्याआधी कर. केंद्रावर लवकर बोलावतात आणि आत कागद नेता येत नाही.

आई-बाबांना हा भाग वाचायला दे

"सगळीकडे भरून ठेव" यामागची काळजी समजते. पण भरण्याचं काम मुलीवर टाकून तारखांची आठवण रोज करून दिली, की तिच्या पंधरा तासांतले तीन-चार तुम्हीच घेता. वेबसाइटी बघणं, दाखले, स्कॅन, फी, हे तुम्ही पूर्णपणे अंगावर घ्या. प्रवेशाबद्दल बोलायला आठवड्यात एकच वेळ ठेवा, शनिवारी जेवणानंतर वीस मिनिटं. एरवी ताटावर तो विषय काढू नका. आणि जेईईचा पहिला टप्पा संक्रांतीनंतरच्या दिवसांत येतो, तेव्हा घरोघरी हळदीकुंकू चालू असतं. तिळगूळ द्यायला बाहेर आलेल्या मुलीला चार बायकांसमोर "किती येतील?" विचारलं जाणार नाही, एवढं आईंनी बघा. कोचिंगच्या टेस्टचा रँक तुम्ही विचारू नका. तिला सांगावासा वाटला तर ऐका.

आणि हे लक्ष ठेवून बघा. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास, आवडीच्या गोष्टींतही मन नाही, जेवण किंवा झोप फार कमी किंवा फार जास्त, शाळेत जायचंच नाही म्हणणं, स्वतःला इजा करणं, "मी नसते तर बरं झालं असतं" असलं बोलणं. यात टाइमटेबल कामाचं नाही. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि तिला एकटी सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, हिंदी-मराठीत बोलता येतं, आणि फोन तीही करू शकते, तुम्हीही. डॉक्टरकडे गेल्याचा प्रवेशाच्या कुठल्याही फॉर्मशी संबंध येत नाही, ही शंका बऱ्याच घरांत अडवून धरते म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता पुन्हा तुझ्याशी. पुढच्या रविवारी तोच कागद घे, नवा लिहू नकोस. झालेलं खोड, नवं सुचलेलं खाली जोड, अक्षरं घाल. त्याला वीस मिनिटं पुरतील. ठरवलेली बैठक सलग तीन रात्री मोडली असेल तर तास वाढवू नकोस. "पूर्ण" ढिगातला एक धडा "अर्ध्या"त टाक, आणि चौथ्या रात्री चाळीस मिनिटांचा एकच तुकडा घेऊन बस.